धाकट्याला इकडे पाठवण्यास हरकत नसल्याबाबत

मी, वय एकेचाळीस, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार गॅरेजच्या माडीवर (नाव व पूर्ण पत्ता सीलबंद पाकिटात), पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

बसस्थानकातल्या बॉम्बस्फोटाच्या गुन्ह्यात माझा धाकटा भाऊ पाहिजे आहे. तो सध्या परदेशात तुरुंगात आहे. त्याने बॉम्ब ठेवला की नाही, मला माहीत नाही. त्याला मी अंगाखांद्यावर खेळवलाय, तो माझा जीव आहे, एवढं माहीत आहे.

तिकडच्या कोर्टाने त्याला इकडे द्यायला नकार दिला आहे, त्यावर आता अपील चालू आहे. जिथे छळ होण्याची भीती आहे तिथे माणूस परत पाठवायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय कायदा असल्याचं साहेबांनी मला समजावून सांगितलं. मी विचारलं, "दहशतवादी असला तरी?" साहेब म्हणाले, "असला तरी! आता बोल!"

धाकट्याच्या वकिलाने त्या कोर्टात माझ्या पाठीचे फोटो दाखवले. मागे या ठाण्यातून चौकशी आटपून घरी गेलो, त्या संध्याकाळी ते माझ्या बायकोने काढले. पाठीवरचे वळ गॅरेजातल्या खड्ड्यात पडून झाले आहेत. खड्डा कमरेइतका खोल आहे. मी त्यात तीन-चारदा पडलो. वीस वर्षं गाड्यांखाली तिथेच उतरतोय, आधी कधी पडलो नव्हतो. नशीब, दुसरं काय! बायकोचा उगाच गैरसमज झाला. तिलाही काल माझ्याबरोबर आणलं आहे. ती बाहेर बाकावर बसली आहे. जबाब संपला की तिला घरी सोडणार आहेत.

कालपासून इथे मला कोणी बोटही लावलेलं नाही. हवालदारांनी सकाळी चहा आणला आणि कप स्वतः माझ्या तोंडाला लावला. इतकं कोण कोणाचं करतं हो!

साहेब म्हणाले, "भावाला इथे कसं वागवतील, तेही सांग. तिकडचे जज तेच विचारतात." तरी मी सांगतो की, धाकट्याला माझ्यासारखीच वागणूक मिळेल. त्यात तसूभर फरक पडणार नाही, असा शब्द साहेबांनी मला दिला आहे. साहेब शब्दाचे पक्के आहेत, याचा मला स्वतःला अनुभव आहे.

जबाब मोठ्याने वाचून दाखवला, मी ऐकला, सगळं बरोबर आहे. मला सही येते. आज डाव्या हाताचा अंगठा दिला आहे.