पावसाच्या बाजूची भिंत

आधी करीमचाचाचं नाव लिवा, मंग माह्यं. अकोल्याच्या जुन्या शहरातले सुतार, त्यायनं मले शिडीवर चढवलं नसतं तं मी इथं चिखलदऱ्याले तुमच्याशी बोलत बसली नसती. मी नांदगाव खंडेश्वरकडची, सातवीत शाळा सुटली, मंग निंदण, कापूस वेचणं, हेच. पण ती सालं अशी आली का शेतवाल्यायलेच पुरत नोतं, ते मजूर कुठून लावतीन? म्हून पोरीले मायजवळ ठेवलं अन् या बंगल्यावर झाडझूडीले आली.

बंगल्याच्या भिंतीले बाहेरून सागवानाची फळकुटं मारेल, माशाच्या खवल्यावानी, वरचं खालच्यावर चढेल. पश्चिमेकडची, पावसाच्या बाजूची, पार सडली होती, ती बदलाले मालकानं करीमचाचाले बोलावलं. चाचाचे गुडघे दुखत, वर कोन चढते? मी म्हटलं, मी चढतो. चौकीदार हासला, म्हणे, बाई शिडीवर, मंग मी काय पोळ्या लाटू? चाचा म्हणे, लाट ना बेटा, दोन माह्यासाठीबी टाक.

मंग चाचा चार दिवस अकोल्याले गेले. जाता जाता म्हणे, खालून वर मारत जाय, शेजारशेजारच्या दोन फळकुटायच्या मधात फट ठेव. फट! काय सांगू तुमाले, आमच्या घरी पऱ्हाट्यायचा, कापसाच्या वाळल्या झाडायचा, कूड, त्यात फट दिसली का सासू दिवसभर बोले, वारा येते, विंचू येते. म्हून मी ती वैशाखातली वाळेल फळकुटं अशी गच्च भिडवली का सुई जाऊ नये.

चाचा परतले अन् झड लागली. तिसऱ्या दिवशी फळकुटं पापडावानी उठली, खिळे बाहेर. मालक म्हणे, हे कोनं केलं? मले वाटलं, आता काम गेलं, पोरीले काय तोंड दाखवू. तं चाचा म्हणे, साहेब, माप माह्यं चुकलं. मालक म्हणे, आठ दिवसात नीट करा, नाहीतं दोघंबी डोंगर उतरा.

मी रडाले लागली. चाचा म्हणे, बेटी, लाकूड पाणी पेलं का फुगते, त्याले सरकाले जागा नोको? फट तं वरचं फळकूट झाकतेच. रडू नोको, जंबूर घे, खिळे उपट. अन् आगपेटीतली काडी देली, म्हणे, एवढी फट. काडी मी अंबाड्यात खोचली. एकएक खिळा उपटला, फळकुटं चुलीजवळ वाळवली, कडा रंधल्या, जवसाचं तेल पाजलं, अन् खालून वर, काडी लावून लावून, पुन्हा मारली. तळहात सोलले, पण सोडलं नाही. आठव्या दिवशी भिंत झाली. पुढच्या झडीत आतून हात लावून पाह्यला, कोरडी.

अजूनबी झड लागली का मी भिंतीले हात लावून पाह्यतो, भेव जातच नाही. चाचा आता अकोल्यालेच असतात, गुडघ्यायनं बसवलं. त्यायच्या घराले पावसाच्या बाजूनं टिनाचा पत्रा, पाणी आत येते. फोनवर म्हणे, आता कोन करते बेटी. मी करतो ना. पोरीची परीक्षा झाली का जातो, नाही तं पुढच्या उन्हाळ्यात, पण जातोच. सारी भिंत मारून देईन, खालून वर, काडीकाडीची फट ठेवून. त्यायनं फक्त खाटेवर बसावं अन् माह्या चुका काढाव्या.