पत्ता बदलावा लागेल का

चंद्रहास : क्लेमेंट मच्याडोंच्या त्या पत्राला मी उत्तरच दिलं नाही. हेच मघापासून सांगतोय, विनया.

विनया : मघापासून तुम्ही ‘म्हणजे’ आणि ‘तसं पाहिलं तर’ एवढंच सांगताय. कुठलं पत्र? ते एसी बसवायचे ठेके घेणारे मच्याडो ना, तुमच्या एजन्सीतून विमा काढलेले?

चंद्रहास : तेच. गेल्या वर्षी जूनमध्ये आलं होतं. अठरा तारखेला.

विनया : आणि आज चौदा महिन्यांनी तुम्हाला घाम फुटलाय.

चंद्रहास : त्यांच्या मिसेस येतायत म्हणालीस ना.

विनया : कार्मिन बाजारात आली आहे, पाच मिनिटं वर येऊन जाते म्हणाली फोनवर. त्यात घाबरण्यासारखं काय? काय होतं पत्रात?

चंद्रहास : त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस लागला होता, आठवतं? उन्हाळा असा झालाच नाही. एसी कोण बसवणार? त्यांचा माल पडून राहिला. त्यात नायगावच्या टॉवरचं काम बिल्डरने पुढे ढकललं. घरामागच्या गोदामात जागा उरली नाही, म्हणून त्यांनी बेचाळीस मशिनं गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात हलवली. तळमजल्याच्या. आणि मला विचारलं, पॉलिसीत पत्ता बदलावा लागेल का.

विनया : लागतो का?

चंद्रहास : लागतो.

विनया : मग ‘लागतो’ म्हणून लिहायचं होतं. एक शब्द.

चंद्रहास : खाली ताजा कलम होता. ‘यंदा उन्हाळा पडला नाही त्यात आमचं जे नुकसान झालं, त्याचाही विमा असतो का?’

विनया : असतो?

चंद्रहास : प्रश्न फार चांगला होता गं. फळबागांना असतो तसा, तापमानावर. एसीवाल्यांना कुणी देतं का, ते कुठे सापडेना. मी जुनी परिपत्रकं काढली. दोन पुस्तकं मागवली. चार कच्चे मसुदे लिहिले. प्रत्येक वेळी वाटे, आपल्याला नक्की माहीत नाही, मग सहीनिशी कसं लिहायचं? आणि दोन्ही उत्तरं एकाच पत्रात द्यायची म्हणून पहिलंही राहिलं.

विनया : आणि गोखिवऱ्यात पाणी भरलं.

चंद्रहास : अकरा जुलैला. गाळ्यात कमरेएवढं.

विनया : तुम्ही तेव्हा मला म्हणालात, पत्ता वेगळा निघाला म्हणून क्लेम नाकारला, त्यांची चूक झाली.

चंद्रहास : मी ‘चूक झाली’ एवढंच म्हणालो होतो. कुणाची ते बोललो नव्हतो.

विनया : वर्षभर मी त्या माणसाला बेफिकीर समजतेय.

चंद्रहास : हो.

विनया : निदान फोन तरी करायचात तेव्हा.

चंद्रहास : नियम माझाच ना. तोंडी काही चालणार नाही, जे काही असेल ते लिहून, पोस्टाने. वीस वर्षं मीच सगळ्यांना सांगत आलो.

विनया : आणि मच्याडो? त्यांनी नाही विचारलं, साहेब, माझ्या पत्राचं काय झालं?

चंद्रहास : नाही. पाणी ओसरल्यावर फोन आला तेव्हा एवढंच म्हणाले, साहेब, फॉर्म कुठला भरायचा? पत्राचं नावही काढलं नाही. मला वाटलं, सज्जन माणूस आहे, माझी लाज राखतोय.

विनया : आणि तुम्ही राखू दिलीत. बरं, ऐका. आता ती विचारणार. पत्र मिळालंच नाही म्हणायचं. टपाल गहाळ होतंच.

चंद्रहास : मला जमणार नाही ते.

विनया : तुम्ही बोलूच नका. मी बोलते. बेल वाजली बघा. कार्मिन, ये गं. चप्पल असू दे आत. किती वाळलीस.

कार्मिन : बसत नाय काकू. बसले तर बोलणं होणार नाय माझ्याने. काका, मी तुमची माफी मागायला आले.

चंद्रहास : माझी?

कार्मिन : क्लेमेंटने गेल्या वर्षी तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं. गाळ्याचं. भाड्याच्या कागदाची झेरॉक्स लावली होती आत. ते टाकायला माझ्याकडे दिलं. आणि मी टाकलं नाय.

विनया : टाकलं नाहीस?

कार्मिन : पहिल्यांदा मला वाटायचं, टाकलं. चर्चसमोरच्या लाल डब्यात. पाकीट जाड होतं, आत जाईना, मधोमध दुमडून ढकललं, असं हाताला आठवायचं. पण क्लेमेंट बोलला, पाटकर साहेबांचं उत्तर तिसऱ्या दिवशी येतं. आजवर एकदाही चुकलं नाय. उत्तर आलं नाय म्हणजे पत्र गेलंच नाय.

चंद्रहास : तो असं म्हणाला?

कार्मिन : तुमच्यावर त्याचा फार विश्वास आहे, काका. मी बोलले, साहेबांना फोन तर कर. तर बोलतो, त्यांना काय विचारू, बायकोने पत्र टाकलं नाय, हे त्यांना सांगू? लाज वाटली त्याला. कंपनीलापण पत्राचं सांगितलं नाय त्याने.

विनया : कार्मिन, तू आधी पाणी पी.

कार्मिन : मी भांडले खूप. पण रोज तेच ऐकलं ना, मग माझीच खात्री राहिली नाय. त्या दिवशी ॲंजेला मावशीच्या मयतीला जायची घाई होती. वाटलं, पिशवीत राहिलं असेल. पिशवी धुतली असेन मी पत्रासकट. शेवटी नाताळाच्या आधी चर्चमध्ये कबुली द्यायला गेले तेव्हा फादरना सांगितलं, की मी पत्र टाकलं नाय आणि टाकलं म्हणून नवऱ्याशी खोटं बोलले.

विनया : देवा.

कार्मिन : फादर बोलले, ज्याचं ज्याचं नुकसान झालं त्याला जाऊन भेट. मला वाटलं, कंपनीने काकांनापण बोल लावला असेल, यांच्याकडचा माणूस पत्तापण कळवत नाय म्हणून. यायला धीर होत नव्हता. आठ महिने गेले.

चंद्रहास : घरी... घरी कसं चाललंय?

कार्मिन : बरं आहे. क्लेमेंट वाईट नाय. हात उचलत नाय, शिवी देत नाय. फक्त माझ्या हातात आता काय देत नाय. लाईटचं बिल स्वतः भरतो. चर्चचं वर्गणीचं पाकीट जीनाकडे देतो, आमच्या मुलीकडे. मी शेजारी बसलेली असते तरी.

विनया : अहो.

चंद्रहास : ऐकतोय मी.

विनया : मी मघाशी बोलले ते विसरा.

कार्मिन : काय बोललात, काकू?

विनया : काही नाही. यांना विचार.

चंद्रहास : विमा लोकपालांकडे गेलात का तुम्ही? कंपनीच्या निकालावर तिथे तक्रार करता येते. वर्षाची मुदत असते.

कार्मिन : जीना तेच बोलते. महिनाअखेरीला संपते मुदत. पण तो तयार नाय. बोलतो, आपण कळवलंच नाय, तर कुठल्या तोंडाने जाऊ? खोटं बोलून भरपाई नको. माणसं सोडली त्याने, काका. चार होती, आता एक आहे. स्वतः शिडीवर चढतो या वयात.

चंद्रहास : पत्र मिळालं होतं.

कार्मिन : कुठलं?

चंद्रहास : तेच. गाळ्याचं. अठरा जूनला, दुपारच्या टपालाने. मी उघडलं, वाचलं, आणि... थांबा. आणतो.

विनया : जाऊ दे त्यांना. तू बस. आता तरी बस.

कार्मिन : काकू, हे काय बोलतात?

विनया : मलाही अर्ध्या तासापूर्वीच कळलं गं. तुझ्या गळ्याची शपथ.

चंद्रहास : हे घ्या. शब्दकोशात ठेवलं होतं. पाकीट आहे, आतली झेरॉक्सही आहे. पोस्टाचा शिक्का वाचता येतो.

कार्मिन : हे दुमडलेलं आहे.

चंद्रहास : तसंच आलं होतं.

कार्मिन : मधोमध दुमडलेलं. काकू, हे मी दुमडलंय. मी टाकलं होतं.

विनया : हो गं.

कार्मिन : मग मी फादरना खोटं सांगितलं.

विनया : तू कुठे खोटं सांगितलंस. तुला तसं वाटायला लावलं.

कार्मिन : जे पाप केलं नाय ते मी देवासमोर जाऊन माझं म्हणून सांगितलं. प्रायश्चित्त केलं. काका, तुमच्याकडे होतं हे. सगळा वेळ.

चंद्रहास : हो.

कार्मिन : का नाय लिहिलं उत्तर?

चंद्रहास : उन्हाळ्याच्या विम्याचं शोधत बसलो. उत्तर अर्धवट होईल अशी भीती वाटली. आणि पूर आल्यावर... नुसती भीती वाटली. तुम्हाला काही भोगावं लागत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, नुकसान मशिनांचं झालं.

कार्मिन : तुम्ही पुस्तकं वाचत होतात.

चंद्रहास : हो.

विनया : ओरड त्यांच्यावर, कार्मिन. माझ्याकडे बघू नकोस, मी मध्ये पडणार नाही.

कार्मिन : ओरडून काय करू? वडिलांच्या वयाचे आहेत.

चंद्रहास : मी आत्ता तुमच्याबरोबर घरी येतो. क्लेमेंटना समोर सांगतो.

कार्मिन : नको. तुम्ही समोर बसलात की तो तुम्हाला चहा देईल आणि बोलेल, जाऊ द्या साहेब, होतं असं. तुम्हाला बरं वाटेल. मला काय? लिहून द्या.

विनया : बरोबर बोलतेय. हा कागद. हे पेन.

चंद्रहास : एजंटला कळवलं म्हणजे कंपनीला कळवलं, असं काही वेळा धरतात. काही वेळा नाही धरत. लोकपाल मानतीलच असं नाही, तेवढं मी आधी बघून...

विनया : काही बघायचं नाही. लिहा.

चंद्रहास : कंपनी माझी एजन्सी काढून घेईल, विनया.

विनया : घेऊ दे. पेन्शन आहे. तारीख घाला आजची.

चंद्रहास : ‘प्रिय श्री. मच्याडो, आपलं चौदा जूनचं पत्र, भाडेकराराच्या प्रतीसह, मला अठरा जूनला मिळालं. आपण माल गोखिवऱ्याच्या गाळ्यात हलवल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पुराच्या आधी तेवीस दिवस ते माझ्या घरात होतं. मी ते कंपनीला कळवलं नाही आणि आपल्यालाही उत्तर दिलं नाही. कदाचित परिस्थितीमुळे...’

विनया : कदाचित खोडा. परिस्थितीही खोडा.

चंद्रहास : खोडलं. ‘हे पत्र आपण लोकपालांकडे जोडावं. मूळ पत्र आणि पाकीट घेऊन मी स्वतः तिथे हजर राहीन.’

कार्मिन : माझं नाव घाला.

चंद्रहास : ‘आपलं पत्र कार्मिन यांनी वेळेवर टाकलं होतं.’ असं?

कार्मिन : परत वाचा तेवढं.

चंद्रहास : ‘आपलं पत्र कार्मिन यांनी वेळेवर टाकलं होतं.’

कार्मिन : हां.

चंद्रहास : ताजा कलमाचं उत्तर राहिलं. उन्हाळ्याच्या विम्याचं.

विनया : माहीत आहे तुम्हाला?

चंद्रहास : नाही. अजून नाही.

विनया : मग तेच लिहा.

चंद्रहास : ‘ता. क. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही.’ झालं. न्या तुम्ही हे, आज रात्रीच त्यांना...

कार्मिन : मी नेणार नाय. मी हातात दिलं तर बोलेल, रडून लिहून घेतलंस. टपालाने येऊ दे त्याच्या नावावर. आत्ता पोस्ट बंद झालं असेल. मी सकाळी येते. टाकताना मला बघायचंय.

[दुसऱ्या दिवशी सकाळी, पोस्टाच्या खिडकीजवळच्या रांगेत.]

विनया : पिनकोड आता तपासू नका. तिसऱ्यांदा झाला.

चंद्रहास : ‘वेळेवर’च्या जागी ‘त्याच दिवशी’ हवं होतं का? वेळेवर मोघम वाटतं.

कार्मिन : काका, आपला नंबर आला.

चंद्रहास : आला का? स्पीड पोस्ट आहे हो. वसईतल्या वसईत. हे घ्या.

विनया : सोडा की पाकीट. ते ओढतायत आतून.

चंद्रहास : सोडलं.

विनया : मारला शिक्का. झालं.

चंद्रहास : उद्या मिळेल त्यांना. वाचल्यावर ते तुमच्याशी कसं, म्हणजे काय बोलतील...

कार्मिन : ते आमचं आम्ही बघू.

चंद्रहास : हो. बरोबर.

विनया : पावती दिलीय बघ, कार्मिन. ठेव तुझ्याकडे.

कार्मिन : तुमच्याकडेच राहू दे, काकू. मी पाहिलंय.