चिठ्ठी नसलेल्या बरण्या

फेकते हो बाई, फेकते, नाही कुठं म्हणतेय मी – बादली घेऊनच आलेय की. नाकावरचा रुमाल काढलात तरी चालेल, झाकणं घट्ट आहेत. साहेब अकराला येणार ना तपासणीला? मग अजून वेळ आहे, बसा जरा – त्या खुर्चीवर नको, तिचा पाय पोरांनी उघडून बघितलाय, आत पोकळ का असतो म्हणून. परत बसवलाय त्यांनीच, पण भरवसा नाही. चारच दिवस झाले तुम्हाला या वर्गावर येऊन, काय काय सांगायचं राहिलंय कुणास ठाऊक.

तर या बरण्या. आधीच्या बाईंनी बदलीपूर्वी मांडलेला पसारा – प्रत्येकानं ब्रेडचा तुकडा बरणीत घालायचा आणि वर आपल्या प्रश्नाची चिठ्ठी चिकटवायची. ही बघा, 'दादाने उष्टावलेला ब्रेड लवकर सडतो का?' भावावर दात आहे पोरीचा, दुसरं काय. तुम्हाला ही घाण वाटते ना, मलाही वाटली होती – म्हणजे, आता सांगूनच टाकते – बरण्या मांडल्या त्या पहिल्याच महिन्यात एक बरणी मी घासून लख्ख केली. मग कळलं, ती तुमच्या वर्गातल्या त्या चष्मेवाल्या पोरीची, अठरा दिवसांची. पाचावर धारण बसली माझी. घरून बुरसटलेला तुकडा आणला, गुपचूप आत ठेवला. कोण बघतंय म्हटलं. कोण बघतंय काय – तिच्या वहीत रोजचं चित्र होतं, काल काळी बुरशी, आज हिरवी. रडली नाही, तक्रार केली नाही. चार दिवस वर्गभर विचारत हिंडली, एका रात्रीत रंग बदलतो का म्हणून. पाचव्या दिवशी माझ्यासमोर उभी. हळूच म्हणते, "मावशी, तुमच्या घरी बुरशी हिरवी येते का?"

हसा, हसा. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. कबूल केलं सगळं. तर ही बया रागवायचं सोडून दोन रिकाम्या बरण्या पुढं करते – मग आता तुमचा प्रश्न घाला, म्हणे. बाई, बावीस वर्षं या शाळेत झाडतेय मी. लोक मला विचारतात घंटा कधी देणार, किल्ली कुठं ठेवली. तुम्हाला काय विचारायचंय, हे कुणी विचारलं नव्हतं. घरीसुद्धा नाही. फार बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू.

कुठल्या? त्या कोपऱ्यातल्या दोन? त्या राहू द्या – अहो, हात नका लावू. हो, माझ्याच. चिठ्ठी नाही, कारण प्रश्नच तसला आहे, कुणी वाचला तर माझ्या पोटावर पाय यायचा. फरशी पुसण्याआधी एक तुकडा तिच्यावर फिरवला, पुसून वाळल्यावर दुसरा. लवकर कुठला सडला असेल? मलाही तसंच वाटलं होतं. पण पुसल्यानंतरचा, बाई. तीनदा केलं, तीनदा तेच. आता सांगा, बावीस वर्षं मी या पोरांच्या पायाखाली काय पसरवत आलेय –

नाही, नाही, फडक्याचंच असणार. वर्षाला एक देतात, ते तरी काय करील. म्हणून या वेळी स्वतःचं नवं आणलं, उकळून घेतलं, आणि तोच खेळ पुन्हा मांडला. परवापर्यंत कळेल. तेवढे दोन दिवस द्या. बाकीच्या फेकायच्या तर – नाही, त्याही नको. चष्मेवालीला मी दुसऱ्यांदा काय तोंड दाखवू?

काय म्हणालात? जुन्या फडक्यानं अर्धी फरशी पुसून तिच्यावर फिरवलेला तुकडाही शेजारी, एकाच दिवशी? – हां. हे नाही माझ्या ध्यानात आलं. तिसरी बरणी लागेल मग, आणि तिन्ही आजपासून नव्यानं.

गाडी वाजली बघा. उठा, तो रुमाल ठेवा आधी पर्समध्ये, आणि साहेबांना दारातच बोलण्यात गुंतवा थोडा वेळ. जा ना, बघत काय बसलात – जुनं फडकं शोधायचंय मला.