कोण कुणाच्या घरी जातं

मंडळी, आणि समोर बसलेल्या सेवंता वहिनी,

बातमीदार म्हणून 'परिसरात शोककळा पसरली' हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय, की हात ते आपोआप लिहितो. परवा वसराम सर गेले आणि तोच हात अडला. आता जीभही अडतेय. सर असते तर म्हणाले असते, "बोला की पंडितजी, एरवी थांबता का?"

जवळा बाजारच्या या सभागृहात, दर बाजारच्या दिवशी, आपलं वाचक मंडळ बसतं. सरांनीच ते सुरू केलं. शाळेत मराठी शिकवायचे, पण वेड शहरांत घडणाऱ्या कादंबऱ्यांचं. आमचं भांडण तिथंच. मी म्हणायचो, सर, काव्यशास्त्रात बाग, चांदणं, नगर हे सगळं उद्दीपन. भावना माणसाची, जागा त्या निखाऱ्यावर नुसती फुंकर घालते. सर म्हणायचे, "पंडितजी, तुमी शहरात कदी भाड्यानं खोली मागितली का?" नाही, म्हणालो. "मंग काहून बोलून राहिले? आडनाव ऐकून मालकाचा चेहरा बदलतो ना, तितं माणूसच बदलून जातो. फुंकर न्हाई ती."

कुठलीही कादंबरी असो, सरांचा प्रश्न एकच. कोण कुणाच्या घरी जातं? नायक टेकडीवरच्या बंगल्यात जातो, चहा पितो. बंगल्यातलं कुणी त्याच्या गल्लीत येतं का? "पानं उलटा अन् दाखवा." आपण उलटायचो. बहुतेकदा कुणी आलेलं नसायचं. "बस. भांडण इथंच सुरू झालं. हाणामारी मागून होती."

सरांच्या लेखी शहर म्हणजे उंच इमारती नव्हेत. खेटून राहायचं आणि एकमेकांचा उंबरा मात्र ओलांडायचा नाही, ही सोय म्हणजे शहर. त्या सोयीनं कुणी लाजरं होतं, कुणी उर्मट, कुणी जन्मभर दारात उभं राहूनच बोलतं. मला हे आजही पुरतं पटलेलं नाही. काही माणसं जन्मतःच उर्मट असतात. नावं घेत नाही, पुढच्या रांगेत आहेत.

शेवटच्या बैठकीत सर म्हणाले, "आपल्या मंडळाची कादंबरी लिहिली तर?" आपण हसलो. "हसू नका. पुढची बैठक तांड्यावर घ्या. माझ्या अंगणात." आपण म्हणालो, बाजाराला तांड्यावरची माणसं इथं येतातच की! सगळ्यांच्याच सोयीचं. "व्हय, बराबर," सर म्हणाले, आणि त्यांनी पुस्तक उघडलं.

सरांचा बंजारा तांडा ओढ्यापलीकडे आहे. लांब नाही. आपल्यापैकी कोण कधी सरांच्या घरी गेलंय? परवा मातीला गेलो, तेही थेट शेतात. घराकडं वळलो नाही. आणि आज शोकसभा कुठं? इथंच. वहिनींना बोलावून घेतलं.

मघाशी मी त्यांना विचारलं, वहिनी, आम्ही घरी आलो तर चालेल का? त्या म्हणाल्या, "दर बाजाराला मला अंगण सारवाय लावायचे, भाऊजी. म्हणायचे, एखाद्या बारीला येतील."

मंडळी, सूत्रसंचालक आता मौन पाळायला सांगणार आहेत. इथं नको. खुर्च्या राहू द्या, उठा. वहिनी, तुम्ही पुढं व्हा, आम्हाला वाट माहीत नाही. त्या अंगणात सगळे खाली बसू, आणि मग गप्प राहू.