शिवणाचं कपाट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय श्यामसुंदरराव, व्यासपीठावर बसलेल्या ज्येष्ठ सभासद रत्नप्रभाताई, आजचे सत्कारमूर्ती श्री. जयवंत परब मिस्त्री, आणि वड्यांचा वास येऊनही जागेवरून न हललेल्या माझ्या सहनशील बंधू-भगिनींनो,

मिस्त्री उद्या मुलुंड सोडून कायमचे कुडाळला चालले. निरोपाच्या भाषणात रडायचं असतं, पण मला मात्र हसू आवरत नाहीये. का? सांगते. आठ वर्षं पोटात ठेवलंय, आता पोट दुखायला लागलंय.

याच हॉलमध्ये माझा शिवणवर्ग भरतो. कापडं ठेवायला कपाट हवं होतं, म्हणून मी मिस्त्रींना फोन लावला. म्हटलं, "मिस्त्री, शिवणाचं कपाट करायचंय."

पलीकडून आवाज आला, "बाईनु, खरांच शिवणाचा? आता कोणी मागणा नाय."

मला रागच आला. म्हटलं, "मागत नाही कसं? पस्तीस बायका आहेत माझ्याकडे!"

"किती वर्साचा व्हया?"

"सगळ्या वयाच्या आहेत. रत्नप्रभाताई तर सत्तरच्या."

"सत्तर वर्साचा खंय मेळतला? बरा, सुका व्हया मां?"

"छे हो, चांगल्या धडधाकट आहेत!"

रत्नप्रभाताई, हसताय काय? तुमच्याबद्दलच बोलत होतो आम्ही!

महिन्याभराने टेम्पोतून फिकट पिवळ्या फळ्या उतरल्या. शिवण नावाचं झाड असतं हे मला, दादरला जन्मलेल्या बाईला, तेव्हा कळलं! गावच्या घरामागचं असं एक झाड वठल्यावर मिस्त्रींनी त्याच्या फळ्या पाडून दोन वर्षं सावलीत वाळवत ठेवल्या होत्या. न वाकणारं, न फुगणारं लाकूड, पण मुंबईत गिऱ्हाईक नाही. जो तो प्लायवूड घेतो, वर लॅमिनेट चिकटवतो. "चिकटवूचा काम करूक मी सुतार झालंय काय?" असं म्हणून ते धंदा बंद करून गावाला निघाले होते. ट्रंकसुद्धा भरली होती. तेवढ्यात माझा फोन गेला.

फळ्या ठेवून त्यांनी भिंतीवरची पाटी वाचली आणि टाळीच वाजवली. "शिवणाच्या वर्गाक शिवणाचाच कपाट! काय डोक्यां बाईंचा!"

आता मला सांगा, त्या माणसाच्या तोंडावरचा आनंद बघून तुम्ही काय केलं असतं? मी मान डोलावली. म्हटलं, "मग! देशी लाकूड ते देशी लाकूड."

झालं! बिल्डिंगभर बोभाटा झाला की क्षमाबाईंना लाकडातलं कळतं. चेअरमनसाहेब, तुम्ही स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी सल्ला विचारायला आलात, आठवतं? मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं होतं, "विचार करून उद्या सांगते." विचार कसला डोंबलाचा? मिस्त्रींना आडून आडून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "फणस." दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, "फणस!" तुम्ही पेढे दिलेत. मी खाल्ले. अशी अकरा घरं झाली!

हे मी मरेपर्यंत बोलले नसते. पण आज सकाळी मिस्त्री घरी आले. गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बाई, लाकूड निवडूक तुमी आसात, म्हणान मी निवांत जातंय."

त्यानंतर मला चहा गेला नाही हो. खोट्यावर विसंबून या माणसाला कसं जाऊ द्यायचं? तुमच्या मनातून उतरण्याची मला फार भीती वाटते, मिस्त्री. पण खरं सांगते, माफ करा. मला काही कळत नव्हतं. मी फक्त कपाट मागितलं होतं, लाकूड तुम्ही निवडलंत. प्रत्येक वेळी तुम्हीच निवडलंत.

अहो, माईक द्या त्यांना. नको? मग मोठ्याने बोला.

ऐकलंत सगळ्यांनी? विचारतायत, "मगे आता तरी शिकलात मां?"

शिकले, मिस्त्री. आता हात फिरवला की ओळखते. वही ठेवून जा.

आपण सर्वांनी शांतपणे... म्हणजे खिदळत का होईना, ऐकून घेतलंत, आभारी आहे. वक्ते शेवटी न केलेल्या चुकांची माफी मागतात, मी केलेल्या चुकीची मागितली. बोलण्यात आणखी काही कमी-जास्त झालं असेल तर तेही पोटात घाला, आणि वर वडे. नमस्कार.