सायलोसिनचे दोन झगे

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेसाठी मी बाकावर ताटकळत होतो. शेजारी त्याच परीक्षेला आलेली एक मुलगी आणि शिवणकाम करणारी तिची आई.

"आई, ऐक ना. नशेच्या भूछत्रात असतं ते सायलोसायबिन. प्रयोगशाळेत बनवतात ते सायलॅसेटिन."

"म्हणजे दोन वेगळ्या वस्तू?"

"नावं वेगळी! पण दोन्ही सायलोसिनचेच एस्टर, म्हणजे मूळ रेणू तोच, वर काहीतरी जोडलेलं. एकात फॉस्फेट जोडलेलं, दुसऱ्यात ॲसिटेट."

"अगंबाई! म्हणजे मुलगी एकच, झगे दोन."

"अगदी! आणि पोटात गेलं की झगा उतरतो."

"मग रक्तात काय सापडतं?"

"सायलोसिन!"

"मग ती कुठला झगा घालून आली होती, ते कसं ओळखतेस?"

"सोप्पंय, उतरलेला झगा शोधायचा... छे, फॉस्फेट, ॲसिटेट तर शरीरात आधीपासूनच असतं..."

"काय झालं गं?"

"आई! रक्तात सायलोसिन म्हणजे भूछत्रच खाल्लं, असं मी चौथ्या प्रकरणात ठोकून दिलंय!"

"पांढरी का पडतेस?"

"हाक आली, आई! जाऊ?"

"जा. आणि आधी तेवढं चुकलंय म्हणून सांग. त्यांनी शिवण उसवायच्या आत आपण उसवलेली बरी."