खानदानी वज्रटीक

आमच्या मावशीनं पोराच्या लग्नासाठी सांगलीच्या एका सराफाकडनं मोडीत आलेली जुनी वज्रटीक घेतली. गाडी मीच चालवत होतो. लग्नात मात्र ती सुनेला घालताना मावशी चारचौघींत म्हणाली, "आमची पाच पिढ्यांची हाय, खानदानी!"

नवरीची आजी जतची. "बघू," म्हणत तिनं वज्रटीक हातात घेतली, उलटी केली आणि मागच्या लाल कापडी गादीवर बोट फिरवलं.

"ह्यो हिरवा टाका माझा हाय. दुष्काळात मेंढरं जगवायला मोडली हुती मी ही."

मावशीचा चेहरा पांढराफटक. "आवं आजी, म्हंजे..."

"आसू द्या," नातीच्या गळ्यात वज्रटीक बांधत आजी म्हणाली. "खानदानीच हाय. फकस्त खानदान आमचं."